कवळीवाल्याने घडवलेली मूठ

माझ्या तोंडातले वरचे सगळे दात मर्ल स्टॉफरने केलेले आहेत. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. आमच्या क्लिंगर्स गॅप गावात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही हसायला लावा, दहातल्या सहा जणांच्या तोंडात तुम्हाला मर्लचंच काम दिसेल. पाद्र्याचे दात त्याचे, बँकेतल्या बाईचे त्याचे. गॅरेजवाल्या हर्ब वीव्हरने कुत्र्याने चावून टाकलेली कवळी तीन वेळा त्याच्याकडून करून घेतली. चौथ्या वेळी मर्लने त्याला सांगितलं, "हर्ब, आता कुत्र्याचंच माप आणून दे."

मर्ल दातांचा डॉक्टर नव्हता. डॉक्टर माप पाठवायचे आणि मर्ल मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवायचा. एक्केचाळीस वर्षं. माणूस बुटका, जाड भिंगांचा चष्मा, बोटं मात्र लांबसडक आणि पांढरी, दुसऱ्याच कुणाकडून उसनी आणल्यासारखी. बोलणं कमी. आणि एक गोष्ट त्याच्याबद्दल सगळ्या खोऱ्याला ठाऊक होती, ती म्हणजे त्याला बंदुकीची भीती वाटायची. लहानपणी गोठ्यात त्याच्या कानाशी वडिलांची बंदूक चुकून उडाली होती. हरणांच्या शिकारीच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे शाळेला सुट्टी असते, दुकानं ओस पडतात, आणि आजारी माणूससुद्धा खाटेवरून उठून रानात जातो. त्या दिवशी गावात एकटा मर्ल कानात कापूस घालून कवळ्या घासत बसायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, "हसा. हसलात की माझंच काम दिसतं."

तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी त्याची बायको लुएला गेली. मग घरात तो आणि त्याची अवजारं. स्वयंपाकघराच्या टेबलावर ओळखीपाळखीच्यांची किरकोळ दुरुस्ती करून द्यायचा. एरवी खिडकीतून रस्ता बघत बसायचा. मी पोस्टमन होतो, त्यामुळे कोण खिडकीत किती वेळ बसतं हे मला नेमकं कळायचं.

आता व्हर्नाचं सांगतो.

व्हर्ना मोयर आमच्या शाळेची स्वयंपाकीण. एकतीस वर्षं तिने रोज चारशे पोरांचं जेवण केलं. आवाज असा की वाढप्याच्या खिडकीतून "वाटाणे पण घे!" म्हणाली की मैदानावरची पोरंसुद्धा वाटाणे घ्यायला आत यायची. लग्न केलं नाही. "चारशे नवरे आहेत, एकालाही मीठ बरोबर लागत नाही," म्हणायची. आणि ती नेमबाज होती. शिकारीची नव्हे, कागदावरची. आमच्या गन क्लबच्या तळघरात जानेवारी ते एप्रिल दर शनिवारी सकाळी स्पर्धा चालते. बावीस कॅलिबरचं पिस्तूल, पन्नास फुटांवर कागद, एका हाताने तीस गोळ्या, तीनशे पैकी गुण. मी तिथला गुण मोजणारा. व्हर्ना डावखुरी. सव्वीस वर्षांत ती दोनशे पंच्याहत्तरच्या खाली क्वचितच आली असेल.

सत्तरी उलटल्यावर तिच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात आला. जन्मभर उचललेल्या पातेल्यांनी व्याज मागितलं, असं ती म्हणायची. बावीसच्या पिस्तुलाला धक्का फारसा नसतो, पण वजन असतं. अडीच-पावणेतीन पौंड लोखंड हात लांब करून धरायचं, आणि मूठ म्हणजे दोन चपट्या लाकडी पट्ट्या, कारखान्याने साऱ्या जगासाठी एकाच मापात कापलेल्या. त्यातही उजव्या हातासाठी. व्हर्नाने सगळं करून पाहिलं. मुठीवर सायकलची ट्यूब गुंडाळली, मग स्पंज, मग टेनिसच्या रॅकेटची पट्टी. एका शनिवारी तर ती पिस्तुलाला मोजा घालून आली.

"काय गं, थंडी वाजते का त्याला?" मी विचारलं.

"तू आकडे मोज, ऑर्व्ह. त्यातही चुकतोस."

पण फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तिने सातव्या गोळीनंतर पिस्तूल रिकामं केलं, टेबलावर ठेवलं आणि हात काखेत दाबून उभी राहिली. चेहरा पांढरा. गुण मोजायला कागद आणला तर भोकं कागदभर विखुरलेली, कोंबडीने दाणे टिपावेत तशी.

"बास झालं," ती म्हणाली. "कुणाला पिस्तूल हवं असेल तर सांग. मोज्यासकट देईन."

क्लेटन ट्राउटमन आमचा पंच. सरळ रेघेसारखा माणूस, हसणं त्याला नियमबाह्य वाटतं. तोसुद्धा खिडकीशी जाऊन बाहेरचा बर्फ बघत राहिला.

त्यानंतरच्या सोमवारी माझी कवळी टोचत होती म्हणून मी मर्लकडे गेलो. त्याची पद्धत ठरलेली. कवळीच्या आतून कसलीशी निळी पूड लावायची, ती तोंडात घालून चावायला सांगायचं, काढून बघायचं. जिथे पूड पुसली गेली तिथे दाब. तेवढंच घासायचं, केसभर. मी तोंड वासून बसलो होतो आणि मोकळा झाल्यावर सहज म्हणालो, "व्हर्नाच्या पिस्तुलालाही तुझी पूड लावायला हवी. बिचारी सोडतेय सगळं."

मर्लचा हात थांबला. "का सोडतेय?"

मी सांगितलं. तो ऐकताना माझी कवळी हातात उलटसुलट करत होता.

"म्हणजे तयार मापाची मूठ आहे?"

"हो."

"सगळ्यांना एकच?"

"हो रे. माझे दात दे."

"बाजारात तयार मापाच्या कवळ्या विकल्या असत्या तर लोकांनी विकणाऱ्याला झोडपलं असतं," मर्ल म्हणाला. इतकं लांब वाक्य मी त्याच्याकडून लुएला गेल्यानंतर पहिल्यांदाच ऐकलं. दात मला द्यायचे मात्र तो विसरला. मी बोळक्या तोंडाने मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन तो व्हर्नाच्या दारात उभा राहिला. हातात रबरी वाडगं, काखेत पिशवी. व्हर्नाने दार उघडलं.

"मर्ल स्टॉफर? माझे दात माझेच आहेत. सव्वीस उरलेत, पण माझे."

"दातांसाठी नाही आलो. हात दाखव."

"ज्योतिष शिकलास की काय?"

तिने आम्हाला आत घेतलं, कॉफी ओतली, बिटाच्या लोणच्यातली अंडी पुढे ठेवली. मर्लने अंड्याला हात लावला नाही. तिचा डावा हात टेबलावर उताणा ठेवून तो चष्मा कपाळावर चढवून बघत बसला. अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आलेलं होतं. त्याने बोटाच्या टोकाने तिथे स्पर्श केला मात्र, व्हर्नाचा श्वास अडकला.

"इथे."

"तिथेच. आता पिस्तूल बघायचंय का?"

मर्ल खुर्चीसकट मागे सरकला. "रिकामं आहे ना?"

व्हर्नाने उघडून दाखवलं. त्याने मला बघायला लावलं. मग तिला पुन्हा उघडायला लावलं. मग विचारलं, "गोळ्या कुठे आहेत?"

"वरच्या मजल्यावर, कपाटात."

"कपाटाला कुलूप?"

"आहे रे बाबा! पाद्र्याला बोलावू का, त्याच्यासमोर शपथ घेते, म्हणजे तुझी खात्री पटेल."

शेवटी त्याने स्वतःच मुठीच्या पट्ट्या काढल्या, उघड्या लोखंडावर प्लास्टिक गुंडाळलं आणि वाडग्यात हिरड्यांचं माप घ्यायचा गुलाबी लगदा कालवला. खोलीभर पुदिन्याचा वास सुटला. लगदा लोखंडाभोवती थापून म्हणाला, "धर. नेहमी धरतेस तसं. आणि हलू नकोस."

व्हर्ना टेबलावर कोपर टेकून चार मिनिटं धरून बसली. हात काढला तेव्हा गुलाबी गोळ्यात तिच्या तळव्याच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या.

"झालं? थुंकायचं कुठे?" तिने विचारलं.

मर्ल हसला. मी मोजलं नव्हतं, पण वर्षभर तरी त्याला हसताना बघितलं नव्हतं.

पुढचे दहा दिवस त्याच्या खिडकीत कुणी दिसलं नाही. वादळात पडलेल्या अक्रोडाच्या झाडाचा ओंडका त्याने कुणाकडून तरी आणला होता. प्लास्टरचा साचा काढून, पटाशीने कोरून, मग दातांच्या छोट्या फिरत्या कानशीने घासून त्याने मूठ केली. ती बघायला क्लबातली माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकली. लोण्यातून बोटं फिरवल्यासारख्या खाचा, प्रत्येक बोटाला आपापली. व्हर्नाने हात घातला तर कुठे हात संपतो नि कुठे लाकूड सुरू होतं ते कळेना.

पहिल्या दहा गोळ्या सुरेख गेल्या. दुसऱ्या दहांना हात अवघडू लागला. शेवटच्या दहा संपल्या, तिने पिस्तूल रिकामं करून खाली टेकवलं, आणि हात सुटेना.

"ऑर्व्ह," ती अगदी हळू म्हणाली. "इकडे ये. हसलास तर मारीन."

हात सुजला होता आणि बोटं खाचांत रुतून बसली होती. मी एकेक बोट सोडवलं, शेंगेतून वाटाणे काढावेत तसं. गुण दोनशे एकोणतीस. सायकलच्या ट्यूबनेही याहून बरे मिळाले होते.

व्हर्ना सरळ मर्लच्या घरी गेली. मी मागोमाग.

"मर्ल, सुंदर आहे. दिवाणखान्यात ठेवण्यासारखी आहे. पण माझा हात उंदराच्या सापळ्यात अडकल्यासारखा झाला."

मर्लचा चेहरा उतरला. त्याने मूठ हातात घेतली, उजेडात फिरवली. मग एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"गाढव आहे मी! तू बसली होतीस."

"मग? उभ्याने कॉफी पिऊ?"

"तू बसली होतीस, कोपर टेकलं होतं, हात गार होता. पेशंटचं तोंड मिटलेलं असताना माप घेतलं आणि कवळी चावायला दिली. असं तर शिकाऊ पोरही करत नाही." तो येरझारा घालू लागला. "तू गोळी मारताना मला बघायला हवं."

"क्लबात?"

"क्लबात."

"तू?"

मर्लने मूठ टेबलावर ठेवली. "मी."

पुढच्या शनिवारी तळघरात जी गर्दी झाली तशी नाताळात टर्की कोंबडा बक्षीस ठेवतात त्या स्पर्धेलाही होत नाही. मर्ल स्टॉफर गन क्लबात येणार ही बातमी खोऱ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचली होती. तो आला तो कानात कापूस, कापसावर रबरी बोळे, त्यावर क्लबाची आवाज अडवणारी कर्णटोपी आणि तिच्यावरून लुएलाने विणलेली लोकरी टोपी ओढून. डोळ्यांना संरक्षक चष्मा, त्याच्या आत स्वतःचा चष्मा. हर्ब वीव्हर म्हणाला, "चंद्रावर चाललास का रे?" मर्लला अर्थातच काही ऐकू आलं नाही. त्याने मान हलवून "थँक यू" म्हटलं.

पहिल्या गोळीला तो बाकावरून चांगला वीतभर उडाला. दुसरीलाही. सहावी-सातवी होईपर्यंत त्याचं उडणं बोटभर राहिलं, आणि पंधराव्या गोळीच्या वेळी मी बघितलं, तर तो उडत नव्हता. तो पुढे वाकून बघत होता, कागदाकडे नाही, नेमाकडे नाही, फक्त व्हर्नाच्या हाताकडे. गोळ्यांचा फेरा संपून पिस्तुलं खाली ठेवायचा हुकूम झाला की तो पुढे जायचा, तिच्या तळहातावर निळी पूड फासायचा आणि परत येऊन बसायचा. अकरा वाजता व्हर्नाचा डावा हात मनगटापर्यंत निळा झाला होता.

"चर्चमध्ये जाताना हातमोजे घालावे लागणार मला," ती ओरडली.

मर्लने तीन शनिवार बघितलं. घरी जाऊन मूठ घासायचा, पुन्हा बघायचा. त्याला कळलेल्या गोष्टी तो मला सांगायचा, पूर्वी हिरड्यांबद्दल सांगायचा तशाच आपुलकीने. अंगठ्याने काही धरायचंच नाही, त्याने फक्त टेकून बसायचं, बाकावरच्या म्हाताऱ्यासारखं. वजन पेलायचं ते तळव्याच्या कडेने, म्हणून तिथे खालून फळीसारखा आधार हवा. बोटांच्या खाचा साफ काढून टाकायच्या, कारण बोट सुजल्यावर खाच जागची हलत नाही. आणि माप घ्यायचं ते तीस गोळ्या झाल्यानंतरच्या थकलेल्या हाताचं, हात लांब असताना.

हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं. लगदा घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात. तीस गोळ्यांनंतर, संधिवाताच्या हाताने, चार मिनिटं पिस्तूल लांब धरून उभं राहायचं.

क्लेटनने स्पर्धा थांबवली. पिस्तूल उघडून स्वतः तपासलं, सगळ्यांना रेषेमागे घेतलं आणि घड्याळ हातात धरलं. मर्लने लगदा थापला. तळघरात पुदिन्याचा वास आणि बारुदाचा वास एकत्र झाला.

"एक मिनिट," क्लेटन म्हणाला.

व्हर्नाच्या कपाळावर घाम आला.

"बोल काहीतरी," मर्ल म्हणाला. "पेशंट बोलले की दुखणं विसरतात."

"पेशंटच्या तोंडात तू हात घातलेला असतोस, ते बोलतात कसे? काय बोलू?"

"काहीही."

व्हर्नाने डोळे समोरच्या कागदावर रोखले आणि वाढप्याच्या खिडकीतला तो जुना आवाज काढला. "सोमवार! खिम्याचा रस्सा, कुस्करलेले बटाटे, वाटाणे!"

क्षणभर कुणाला कळेना. मग हर्ब वीव्हर हसत सुटला. त्या तळघरात असलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी तरी त्या खिडकीसमोर ताट धरलेलं होतं.

"मंगळवार!" व्हर्ना म्हणाली.

"चिकन पॉट पाय!" मागून चार-पाच जण ओरडले.

"बुधवार!"

"डुकराचं मटण आणि आंबवलेली कोबी!" आता सगळे होते. हर्ब टेबलावर ताल धरत होता.

"दोन मिनिटं," क्लेटन म्हणाला, कुणी ऐकलं नाही.

"गुरुवार!"

"हॅम आणि घेवडा!"

"आणि काय?"

"वाटाणे पण घे!"

"शुक्रवार!"

छत हादरलं. "चौकोनी पिझ्झा!"

मग तिने पुढचा आठवडा घेतला, त्यापुढचा घेतला. ईस्टरच्या सुट्टीपर्यंत आलो तेव्हा चार मिनिटं भरली आणि क्लेटनने घड्याळ थांबवलं. व्हर्नाचा हात खाली आला तो मर्लने दोन्ही हातांनी झेलला, पिस्तुलासकट. बंदुकीला घाबरणारा तो माणूस पिस्तूल छातीशी धरून उभा होता, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याचं सगळं लक्ष गुलाबी गोळ्यात काय उमटलं त्याकडे होतं.

त्या मापाची मूठ दिसायला बेढब झाली. एका बाजूला उंचवटा, खाली फळी, मधे खोलगट, जणू कुणी लाकडी बटाटा चेपलाय. "हिला दिवाणखान्यात ठेवू नकोस," मर्ल म्हणाला. व्हर्नाने ती धरली, हात लांब केला, आणि तसाच ठेवला. बराच वेळ. मग फक्त "हं," म्हणाली. एकतीस वर्षांत शाळेच्या तपासणी अधिकाऱ्याला तिने याहून जास्त कौतुक कधी ऐकवलं नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी हंगामाची शेवटची स्पर्धा होती. खोऱ्यातले चार क्लब आमच्याकडे आले होते. सुरुवातीला पंच प्रत्येकाचं पिस्तूल तपासतो. क्लेटनने व्हर्नाची मूठ हातात घेतली, तिला धरायला लावली, पट्टी लावली आणि मान हलवली.

"खालची फळी मनगटाला टेकते."

"मग?"

"मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. नियम आहे."

"क्लेटन, बोटभर तर आहे!"

"नियमात बोटं मोजलेली नाहीत, व्हर्ना. टेकते म्हणजे टेकते."

मागे गलका झाला. हर्ब तर क्लेटनच्या अंगावरच गेला. "अरे, तुझी खालची कवळी कुणी केली, विसरलास?"

"कवळीचा यात काय संबंध?" क्लेटनचे कान लाल झाले होते. त्यालाही ते बोलताना सुख होत नव्हतं, पण तो मागे हटणाऱ्यातला नव्हता.

मर्ल गर्दीतून पुढे आला. टोपी, कर्णटोपी, सगळं जागच्या जागी. त्याने एका बाजूचा कान मोकळा करून नियम पुन्हा ऐकला. व्हर्नाला मूठ धरायला सांगितली, वाकून बघितलं.

"बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "टेकते. माझं लक्ष तळव्याकडे होतं, मनगट मी बघितलंच नाही. किती वेळ आहे?"

"तिची तुकडी वीस मिनिटांनी," क्लेटन म्हणाला.

मर्लने मूठ पिस्तुलावरून काढली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. कोटाच्या खिशातून एक छोटी करवत आणि कानस निघाली. ऊन पडलं होतं, बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या. त्याने पेन्सिलने रेघ मारली, आणि ज्या लाकडावर महिनाभर जीव लावला होता त्याचं बोटभर टोक करवतीने सरळ कापून टाकलं. व्हर्ना शेजारी उभी होती.

"वजन पेलेल का आता?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"खोटं तरी बोल, मेल्या."

"पेलेल," मर्ल कानस चालवत म्हणाला.

"आता विश्वास बसला नाही."

अठराव्या मिनिटाला त्याने मूठ परत बसवली. क्लेटनने पट्टी लावली. मूठ आणि मनगट यांच्यात कागद सरकवून बघितला. कागद गेला. "चालेल," तो म्हणाला आणि खिशातून रुमाल काढून त्याने कपाळ पुसलं.

तीस गोळ्या. मी मागे गुणांच्या टेबलाशी होतो. गोळी सुटली की कागद लांबून नीट दिसत नाही, पण माणसाचा खांदा दिसतो. व्हर्नाचा खांदा खाली होता, सैल. मधल्या फेऱ्यात तिने हात काखेत दाबला नाही. मर्ल माझ्या शेजारच्या बाकावर बसून ओठांतल्या ओठांत मोजत होता. बहुतेक गोळ्या, कदाचित वाटाणे.

कागद आले. मी दोनदा मोजले, मग क्लेटनने मोजले.

दोनशे ब्याऐंशी.

पहिली आली ती शेजारच्या खोऱ्यातली एक तिशीतली पोलीस बाई, दोनशे अठ्ठ्याऐंशी घेऊन. व्हर्ना दुसरी. तिला बक्षीस म्हणून एक हॅम मिळालं, पंधरा पौंडांचं. ते तिने डाव्या हाताने उचललं.

"अंगठा कसा आहे?" मर्लने विचारलं.

व्हर्नाने हाताकडे बघितलं. "विचारायचंच राहिलं त्याला," ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात मर्लच्या दारात पहिला माणूस उभा होता. क्लेटन ट्राउटमन. लाकूड कापायच्या गिरणीत त्याच्या उजव्या करंगळीचं अर्धं पेर गेलेलं आहे, तीस वर्षं तो ते पिस्तुलामागे लपवत होता. आत येऊन त्याने हात टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "नियमात बसेल असं काहीतरी कर." मर्लने लगदा कालवला. त्यानंतर लोक येतच राहिले. लकव्याने एक हात गेलेला खाणकामगार आला. लहान पंजाची एक नर्स आली, तिच्या हाताला कुठलीच मूठ पुरत नव्हती, सगळ्याच मोठ्या पडत होत्या. मर्लच्या स्वयंपाकघराच्या फळीवर पूर्वी प्लास्टरचे जबडे असायचे, तिथे आता प्लास्टरचे हात आहेत, प्रत्येकाच्या मनगटावर पेन्सिलने नाव. पहिल्यांदा जेवायला येणारा माणूस जरा दचकतो.

मर्लने स्वतः गोळी झाडली ती एकदाच, व्हर्नाच्या हट्टापायी. पाच गोळ्या. डोळे मिटून. शेजारी मीही पाच झाडल्या. त्याच्या कागदावर एकही भोक नव्हतं आणि माझ्या कागदावर पाचाच्या जागी सहा होती. त्यातलं एक नऊच्या वर्तुळात होतं. क्लेटनने ते माझ्या गुणांत धरलं नाही.

आणि हो, त्याच वर्षी शरद ऋतूत मर्लने व्हर्नाला लग्नाचंही विचारलं. मला हे व्हर्नानेच सांगितलं, चर्चच्या पायरीवर, मोठ्याने, तो शेजारी उभा असताना.

"मी म्हटलं, मर्ल, मी एकतीस वर्षं चारशे जणांना वाढलं. आता एकालासुद्धा रोज वाढणार नाही. तर म्हणतो, मी करीन स्वयंपाक."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! रविवारी जाते त्याच्याकडे जेवायला. बघू, सुधारला तर बुधवारही देईन."

"रस्सा बरा झाला होता गेल्या वेळी," मर्ल म्हणाला.

"रश्श्यात प्लास्टर होतं, मर्ल."

"ते पीठ होतं."

आता आठ वर्षं झाली. बुधवार त्याला मिळाला, नंतर शुक्रवारही मिळाला. लग्न नाही केलं, दोघांची घरं दोन आहेत, मधे तीन घरं. हात काही जागच्या जागी राहत नाही, विशेषतः संधिवाताचा, म्हणून दर जानेवारीत मर्ल नवं माप घेतो आणि नवी मूठ करतो. यंदाची नववी. माप घेताना चार मिनिटं हात लांब धरायचा असतो, आणि आम्ही सगळे रेषेमागे उभे राहून आठवड्याचं जेवण म्हणतो. यंदा व्हर्नाने तिसऱ्या मिनिटाला आम्हाला थांबवलं.

"काय झालं?" मर्ल घाबरून म्हणाला. "दुखतंय?"

"दुखत नाही. गुरुवारी हर्बने हॅमच्या आधी घेवडा म्हटलं. पुन्हा सोमवारपासून घ्या."